बंद, मिटलेलं आणि पाचर बसलेलं

प्रश्न असा आला आहे: हृदयाच्या स्नायूपेशींवरच्या एका इंग्रजी पाठाचं भाषांतर चालू आहे. त्यात सोडियम चॅनेलच्या (पेशीपटलातलं, सोडियमला आत सोडणारं प्रथिनाचं दार) तीन अवस्था दिल्यात: क्लोज्ड, ओपन आणि इनॅक्टिव्हेटेड. पहिल्या आणि तिसऱ्या अवस्थेत सोडियम आत जात नाहीच, मग दोन्हींना ‘बंद’ म्हटलं तर काय बिघडतं? आणि बिघडत असेल तर ‘निष्क्रिय’ बरोबर का?

बिघडतं. आपला ‘बंद’ फार मोकळ्या हाताचा शब्द आहे. पंखा बंद आहे म्हणजे बटण दाबलं की फिरेल, पंखा बंद पडलाय म्हणजे बटण दाबून उपयोग नाही. पंखा दोन्हीकडे थांबलेलाच, पण पुढे काय करता येईल ते वेगळं. तुमच्या पाठातल्या दोन अवस्थांमध्ये नेमका हाच फरक आहे.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते बघू. ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत हृदयाच्या स्नायूपेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ९० मिलिव्होल्टने कमी असतो. शेजारच्या पेशीकडून विजेची लाट आली की हा फरक घटतो. चॅनेलच्या प्रथिनाचे चार भाग, प्रत्येक भागात पेशीपटलाच्या आरपार गेलेले सहा दांडे. त्यातल्या चौथ्या दांड्यावर धनप्रभार ओळीने बसवलेले असतात. दाब बदलला की हे दांडे बाहेरच्या अंगाला सरकतात आणि चॅनेलचं तोंड उघडतं. एका मिलिसेकंदाच्या आत. सोडियम लोंढ्याने आत शिरतो.

आणि काही मिलिसेकंदांतच लोंढा आटतो. गंमत अशी की दाब अजून चढलेलाच असतो आणि ते दांडेही सरकलेलेच असतात. उघडण्याचा हुकूम कायम असताना वाट अडते. ती अडवतो तिसऱ्या आणि चौथ्या भागांना जोडणारा, पेशीच्या आतल्या बाजूचा एक लहानसा दुवा. त्याच्यावर आयसोल्युसीन, फेनिलअलानीन आणि मेथिओनीन ही तीन अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) शेजारीशेजारी आहेत, आणि वाट अडवायला तीच जाऊन बसतात.

हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ साली माकुलाच्या जाड चेतातंतूवरच्या प्रयोगांतून समीकरणं मांडली, तेव्हाच उघडणं आणि अडणं यांना दोन वेगळी अक्षरं दिली होती. १९७७ साली आर्मस्ट्राँग आणि बेझानिला यांनी अडण्याचं चित्र रंगवलं ते साखळीला बांधलेल्या चेंडूचं: चेंडू येतो आणि आतून भोकात बसतो. तेवढ्यावर थांबायचं असतं तर मी ‘बोळा’ सुचवला असता. मोरीच्या भोकात बोळा कोंबला की भोक उघडं असूनही पाणी जात नाही. पण २०१७ मध्ये विद्युत ईल माशाच्या सोडियम चॅनेलची रचना बारकाईने दिसली, आणि ही तीन आम्लं भोकात नव्हे तर भोकाच्या कडेच्या खाचेत बसलेली सापडली. तिथून ती आतल्या दांड्यांना रेटतात आणि वाट आवळली जाते. बोळा गेला, पाचर आली! कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की सुतार लाकडाची चपटी पाचर ठोकतो. ती कडेला शिरते आणि मधली जागा आवळते. शिवाय एखाद्याच्या कामात पाचर मारणं आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

आता ‘निष्क्रिय’. शब्द मला फारसा आवडत नाही, आळशी माणसाला म्हटल्यासारखा वाटतो. पण बँकेने त्याला एक उपयोगी अर्थ दिलाय. बंद केलेलं खातं संपलं, निष्क्रिय खातं वहीत असतं, पण कागदपत्रं पुन्हा दिल्याशिवाय व्यवहार होत नाहीत. चॅनेलचंही तसंच: दाब परत उतरल्याशिवाय पाचर निघत नाही, आणि ती निघाल्याशिवाय कितीही धक्का दिला तरी ते उघडत नाही. तेव्हा संज्ञा म्हणून ‘निष्क्रिय’ ठेवा. ‘निष्क्रियीकरण’ मात्र नको, ‘निष्क्रिय होणं’ पुरतं. ‘बंद पडणं’ टाळा, कारण त्यात बिघाड येतो, आणि इथे उलट पाचर न बसणं हा बिघाड आहे. पाचर २०० ते ३०० मिलिसेकंद बसून राहते, म्हणूनच हृदयाला हातापायांच्या स्नायूंसारखं सलग आवळून राहता येत नाही. त्याच दुव्यातली दुसरी तीन अमिनो आम्लं गळालेली कुटुंबं १९९५ साली समोर आली. त्यांच्यात पाचर नीट बसत नाही, सोडियम झिरपत राहतो, ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोक्याची विजेची लाट उठून पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ) लांबतं आणि ठोक्यांची लय घातक रीतीने बिघडू शकते.

पहिल्या अवस्थेला मी ‘मिटलेलं’ म्हणेन. डोळे मिटतात, कमळ मिटतं, छत्री मिटते. मिटलेल्या वस्तूत उघडण्याची सोय शिल्लक असते.

(चॅनेलला ‘वाहिनी’ म्हणू नका. हृदयाच्या पाठात रक्तवाहिन्या आधीच भरपूर आहेत, आणि माझ्या फोनने दोनदा ‘सोडियम वहिनी’ करून दाखवलंय.)

तुमच्या पाठात पुढे शस्त्रक्रियेचा भाग असेल तर एक वाक्य करून बघा. हृदय थांबवण्यासाठी शल्यविशारद पोटॅशियमचं द्रावण सोडतात. त्याने विश्रांतीचा दाबच वर चढतो आणि मिटलेली चॅनेल न उघडताच निष्क्रिय होतात. दोन्ही जागी ‘बंद’ घातलं की वाक्य उरतं: बंद चॅनेल न उघडताच बंद होतात.