सगळ्या माद्याच? मग नर गेले कुठे?

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीचा ग्रुप पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर पक्षी बघायला गेला होता, मी पहिल्यांदाच. पहाटे पाचला उठून गेले आणि दिसलं काय, तर सगळी मातकट बदकं! थापट्या (शोव्हेलर बदक) म्हणून दाखवला तोही तपकिरीच, मोबाइलवरच्या फोटोत तर त्याचं डोकं हिरवंगार असतं. मी विचारलं, "सगळ्या माद्याच आल्यात का, नर मागून येतात?" तर दोघं-तिघं फिसकन हसले. माझं काय चुकलं?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : अहो ताई, काही चुकलं नाही, हसणाऱ्यांना तरी कुठे माहीत होतं उत्तर, नाहीतर सांगितलं नसतं का! त्या घोळक्यात नर होतेच, फक्त साध्या कपड्यात. ही बदकं हिवाळ्यापुरती उत्तरेकडून आपल्याकडे येतात; तिकडे उन्हाळ्यात मादी अंड्यांवर बसली की बहुतेक बदकांचे नर घरट्यापासून सटकतात (संसार तिच्या गळ्यात!) आणि पिसं गाळायला लागतात. त्यात पंखांची मोठी पिसं एकदमच गळतात, काही आठवडे उडताच येत नाही, मग अशा वेळी झगमगीत रंग घेऊन बसलं तर कोल्ह्याला आमंत्रणच की. म्हणून तेवढ्यापुरता मादीसारखा मळकट वेश. पंख नवे आले की त्याच वेशात इकडे निघतात, रंग इथे आल्यावर हळूहळू चढतो. थापट्याला त्यासाठी डिसेंबर-जानेवारी उजाडतो, गार्गनी नावाचं बदक तर त्याहून आळशी.

तरी ओळखता येतो हं. पुढच्या वेळी दुर्बीण थापट्याच्या डोळ्यावर लावा, पिवळा दिसला तर बहुतेक नर, मादीचा तपकिरी असतो. आणि उडाला की पंखाचा खांद्याकडचा भाग बघा, नराचा छान फिकट निळा असतो, मळकट वेशातही तो जात नाही. चोच मात्र दोघांचीही तीच, पसरट फावड्यासारखी, पाण्यावर टेकवून गाळत गोल गोल फिरत असतात, ते बघायला तर मी अर्धा तास सहज घालवते.

जानेवारीत त्याच बंधाऱ्यावर परत जा, सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा, आणि त्याच मंडळींना घेऊन जा. फक्त नाकाला रुमाल न्या, पुण्याचं सांडपाणी तिथूनच पुढे जातं आणि फेस तर असा असतो की लांबून बगळाच वाटतो.