भुंगा आणि भुंगेरा

प्रश्न : कोकणातील आमच्या घराच्या वाशांना एक काळाभोर भुंगा दरवर्षी गोल भोके पाडतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हिमाचलात सांबराच्या शिंगांसारखे जबडे असलेला किडा पाहिला, तेव्हा सोबतचे म्हणाले, हा भुंग्याचाच नर. हे खरे आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही. हा घोटाळा मुख्यतः भाषेचा आहे, कारण ‘भुंगा’ हे नाव आपण दोघांनाही सरसकट देतो. वाशातला भुंगा ही खरे तर सुतार मधमाशी, म्हणजे मुंग्या आणि गांधीलमाश्यांची नातेवाईक. हिमाचलातला स्टॅग बीटल मात्र भुंगेरा आहे. मधमाशीचे चारही पंख पातळ असतात आणि उन्हात त्यांवर निळसर झाक दिसते. भुंगेऱ्याच्या पुढच्या पंखांची टणक झाकणे झालेली असून ती पाठीवर सरळ रेषेत मिळतात.

लाकडाशी दोघांचाही संबंध आहे, पण तो अगदी वेगळा. सुतार मधमाशीची मादी कोरडे, टणक लाकूड पोखरते. ते खात मात्र नाही, आणि म्हणूनच वाशाखाली पिवळसर भुशाची रास पडलेली दिसते. भोक थोडे आत जाऊन लाकडाच्या रेषेत वळते. तिथे पराग व मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर ती एक अंडे घालते आणि भुशाचीच भिंत घालून पुढची खोली सुरू करते. स्टॅग बीटलची अळी याउलट कुजलेल्या बुंध्यात राहून तेच लाकूड खाते. युरोपातील सर्वपरिचित जातीत ही अवस्था 3 ते 7 वर्षे चालते, तर प्रौढ किडा झाडाचा पाझरलेला रस चाटत जेमतेम एक उन्हाळा काढतो. घराच्या लाकडाला त्याच्यापासून धोका नाही.

ते भव्य जबडे फक्त नराचे, प्रतिस्पर्ध्याला उचलून फांदीवरून पाडण्यासाठी. कडकडून चावते ती आखूड जबड्यांची मादी. सुतार मधमाशांतही तोंडासमोर घोंघावत घाबरवणाऱ्या नराला नांगीच नसते.

वाशांना रंग दिला की ही माशी सहसा दुसरीकडे जाते. तिला मारू मात्र नका. तुमच्या परसातल्या वांग्याच्या फुलांतले पराग तीच थरथरून झाडते. आणि दिव्याखाली डोक्यावर एकच शिंग असलेला किडा सापडला, तर तो या दोहोंपैकी कोणीच नव्हे. तो गेंड्या भुंगा. माडाची पाने कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात का, ते पाहून घ्या.