निकोलाई पानिनचं १९०८चं सुवर्ण: तीनच स्पर्धक होते, मग त्याची किंमत किती?

तुम्ही विचारलंय की रशियाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा स्केटर निकोलाई पानिन कोण, आणि मैदानात जेमतेम तिघं असताना त्या पदकाचं एवढं कौतुक कशाला. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच लोक उगाच नाकं मुरडतात.

१९०८च्या लंडन ऑलिंपिकमधलं स्केटिंग ऑक्टोबरअखेरीस नाइट्सब्रिजच्या प्रिन्सेस स्केटिंग क्लबमध्ये, कृत्रिम बर्फावर झालं. पानिन जिंकला तो प्रकार 'स्पेशल फिगर्स'. यात उड्या नाहीत, संगीत नाही. स्पर्धकानं स्वतः रचलेल्या आकृत्या कागदावर काढून आधीच पंचांच्या हाती द्यायच्या आणि मग त्याच बर्फावर कोरून दाखवायच्या. नंतर पंच बर्फावर उतरून, वाकून रेघ तपासणार.

स्केटच्या पात्याच्या तळाला लांबीभर खाच असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. रेघ एकाच कडेवर हवी. तोल जरा सरळ झाला की दोन्ही कडा टेकतात आणि बर्फावर जोडरेघ उमटते. ती लपवता येत नाही. वळणाच्या टोकाशी चूक आणखी सहज होते. खांदे आधी फिरले नाहीत तर पाय ओढत वळतो आणि टोक टोकदार न राहता खरवडलेलं दिसतं. कड वेळेआधी बदलली तर टोकाजवळ रेघेला पोक येतो. शिवाय रेटा फक्त सुरुवातीला. पुढचा सगळा वेग गुडघा दाबून-उचलून टिकवायचा, आणि लूप (छोटा फासासारखा वळसा) आला की तो हमखास मरतो. पानिनच्या आकृत्या अशा छोट्या लूपांनी आणि उलट-सुलट वळणांनी गच्च भरलेल्या होत्या. त्यांचे आराखडे आजही छापलेले पाहायला मिळतात. एकदा नजरेखालून घाला.

निकाल: पानिन २१९ गुण, ब्रिटनचा आर्थर कमिंग १६४, जेफ्री हॉल-से १०४. पाचही पंचांनी पानिनला पहिला ठरवलं. एवढी तफावत असताना चौथा-पाचवा स्पर्धक असता तरी काय बिघडलं असतं, असं मला तरी वाटतं. हा प्रकार पुन्हा कधीच ऑलिंपिकमध्ये आला नाही.

पुरुष एकेरीची गोष्ट वेगळी. तिथे स्वीडनचा उलरिक साल्को होता, ज्याच्या नावाची उडी आजही मारतात. सक्तीच्या, म्हणजे सगळ्यांना ठरवून दिलेल्या आकृत्यांनंतर पानिन दुसरा होता आणि त्यानं माघार घेतली. कारण आजारपण असंही सांगतात, पंचांवरची नाराजी असंही. सुवर्ण साल्कोला गेलं. १९०३च्या सेंट पीटर्सबर्गच्या जागतिक स्पर्धेतही साल्को पहिला, पानिन दुसरा.

आता माणूस. खरं नाव निकोलाई अलेक्झांद्रोविच कोलोमेन्किन. जन्म व्होरोनेझ प्रांतातल्या ख्रेनोवोये गावचा, साल १८७२ (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे डिसेंबर १८७१). शिक्षण पीटर्सबर्ग विद्यापीठात, नोकरी अर्थखात्यात. सरकारी बाबूनं चारचौघांत खेळात उतरणं तेव्हा शोभत नसे, म्हणून 'पानिन' हे टोपणनाव. पुढे पानिन-कोलोमेन्किन असं जोडनाव रूढ झालं. सराव सादोवाया रस्त्यावरच्या युसुपोव्ह बागेतल्या बर्फावर. १८९६ची पहिली जागतिक स्पर्धा याच बागेत झाली, पण तीत पानिन नव्हता. रशियाचं कांस्य गेओर्ग सांडर्सनं मिळवलं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तो तितकाच पट्टीचा पिस्तूलबाज होता. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्केटिंगच नव्हतं, तर गडी नेमबाजीत उतरला. लष्करी पिस्तुलाच्या सांघिक प्रकारात रशिया चौथा आला.

त्याचं टिकलेलं काम मात्र शिकवण्याचं आहे. १९१०मध्ये त्यानं फिगर स्केटिंगवर जाडजूड, शास्त्रशुद्ध पुस्तक लिहिलं. क्रांतीनंतर तो लेनिनग्राडच्या (पीटर्सबर्गचंच नंतरचं नाव) लेसगाफ्ट शारीरिक शिक्षण संस्थेत प्रशिक्षक घडवत होता. त्याचा शिष्य प्योत्र ऑर्लोव्ह, आणि ऑर्लोव्हच्या हाताखालून गेलेली जोडी म्हणजे बेलोउसोवा-प्रोतोपोपोव्ह. १९०८नंतर फिगर स्केटिंगचं पुढचं ऑलिंपिक सुवर्ण रशियात आणलं ते या दोघांनी, १९६४मध्ये इन्सब्रुकला. पानिनला ते पाहायला मिळालं नाही. १९ जानेवारी १९५६ला लेनिनग्राडमध्ये तो वारला. सोव्हिएत संघ पहिल्यांदा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला तो त्यानंतर आठवड्याभरानं, कोर्तिनाला.