एडिसनला नववीत येणाऱ्या मुलीचे विषय आणि उपक्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमातून आठवी झाली आहे, तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर जुलैअखेर न्यू जर्सीत एडिसनला येताय आणि सप्टेंबरात ती नववीत बसेल. तिने विषय कोणते घ्यावेत आणि शाळेतल्या कोणत्या उपक्रमांत जावं?

आपल्याकडे नववी म्हणजे दहावीच्या आधीचं जरा सैल वर्ष. इथे हा हिशेब सोडून द्या. हायस्कूल नववी ते बारावी असतं, दहावीची बोर्ड परीक्षा नसते आणि कॉलेजांना जो ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा उतारा) जातो त्याची सुरुवात नववीपासून होते. शिवाय विषय एकमेकांना साखळीने बांधलेले असतात. नववीत जी पायरी मिळते, तिच्यावरून बारावीत कुठवर पोहोचता येईल हे बरंचसं ठरतं.

म्हणून आधी गणित. इथे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी शिकवत नाहीत. क्रम असा: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस. नववीत जॉमेट्री मिळाली तर बारावीत कॅल्क्युलस होतं. अल्जिब्रा १ मध्ये बसवलं तर बारावी प्रीकॅल्क्युलसवर संपते, आणि इंजिनिअरिंगचा विचार असेल तर ते नुकसानीचं आहे. आठवीच्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं. त्यावरून काउन्सेलरला (शाळेत विषय ठरवून देणाऱ्या समुपदेशकाला) काहीच बोध होत नाही आणि तो सुरक्षित वाटणारी खालची पायरी देतो. तेव्हा ‘प्लेसमेंट टेस्ट (पायरी ठरवणारी चाचणी) घ्या’ असं तुम्हीच लेखी मागा.

ही चाचणी अल्जिब्रा १ वर असते आणि तिथे हुशार मुलंही अडखळतात, कारण त्यातले काही धडे आपल्या अभ्यासक्रमात पुढे आहेत. दोन चलांतली रेषीय समीकरणं आपण नववीत शिकवतो. वर्गसमीकरणं आणि रेषेचा चढ थेट दहावीत. तिचं अवयव पाडणं आणि घातांक पक्के असतील, पण रेषेचं समीकरण, असमानता, फंक्शनची मांडणी, समीकरणांच्या जोड्या आणि वर्गसमीकरणाचं सूत्र हे आतापासून जुलैपर्यंत करून घ्या. खान अकादमी या शैक्षणिक वेबसाइटवरचा अल्जिब्रा १ चा कोर्स फुकट आहे आणि तेवढा पुरतो, वेगळी शिकवणी लावू नका. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर (टीआय-८४) तिने पाहिलेला नसेल, त्याचीही थोडी ओळख असावी. एवढं करूनही अल्जिब्रा १ मिळालं तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेता येतात का, किंवा उन्हाळ्यात जॉमेट्री करता येते का, हे त्याच बैठकीत विचारून ठेवा.

बाकीचे विषय तुलनेने सरळ आहेत. न्यू जर्सीत हायस्कूलच्या डिप्लोमासाठी किमान १२० क्रेडिट लागतात आणि वर्षभराचा विषय साधारण ५ क्रेडिटचा असतो. इंग्रजी चारही वर्षं, म्हणजे २०. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं प्रत्येकी १५. परदेशी भाषा ५, चित्रकला-संगीत-नाटक यांपैकी काहीतरी ५, व्यवसायाशी संबंधित विषय ५, आर्थिक व्यवहारांचा अर्ध्या वर्षाचा विषय २.५. शारीरिक शिक्षण आणि आरोग्य मात्र दर वर्षी, त्यातून सुटका नाही. दिवसाला सात-आठ तासिका असतात, त्यामुळे १२० कुणालाही जमतात. चुका होतात त्या विषयांच्या क्रमात आणि पातळीत.

पातळी म्हणजे एकाच विषयाचे साधा (बहुतेक ठिकाणी ‘कॉलेज प्रेप’ म्हणतात), ऑनर्स (त्याहून वरचा) आणि एपी असे प्रकार. नववीसाठी माझं मत: गणित आणि जीवशास्त्र ऑनर्स मागा, इंग्रजी आणि जागतिक इतिहास साधे घ्या. पुण्यातल्या चांगल्या शाळेतल्या मुलीला जीवशास्त्र जड जाणार नाही. इंग्रजी चांगलं बोलता येत असलं तरी इथे निबंधात एक दावा करायचा, मजकुरातले पुरावे द्यायचे आणि त्यांवर युक्तिवाद करायचा, हे तिला नवं असेल. दहावीला शिक्षकांच्या शिफारशीने वर जाता येतं. ऑनर्समधून ऑक्टोबरात खाली येणं मात्र मुलांच्या मनाला फार लागतं. नववीत एपी घेण्याची घाई करू नका. शेजारच्या मुलाने तीन घेतलेत हे एडिसनमध्ये तुमच्या कानावर येणारच, त्याकडे दुर्लक्ष करा.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. इथली मुलं स्पॅनिश किंवा फ्रेंच सहावी-सातवीपासून शिकतात, त्यामुळे नववीत ती दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर असतात. तिने आठवीत फ्रेंच किंवा जर्मन घेतली असेल तर वह्या-पुस्तकं बरोबर आणा आणि पातळी ठरवणारी चाचणी मागा. संस्कृत घेतली असेल आणि शाळेत लॅटिन असेल, तर विभक्त्यांची सवय झालेल्या मुलांना ती भाषा सोपी जाते. एकच भाषा सलग तीन वर्षं केलेली कॉलेजांना आवडते, दोन भाषा थोड्या-थोड्या केलेल्या नाही. मराठीचाही उपयोग आहे: राज्यात ‘सील ऑफ बायलिटरसी’ नावाची, दोन भाषा येत असल्याची डिप्लोमावरची नोंद मिळते, मराठीची प्रमाणित चाचणी उपलब्ध आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळाही आहेत. म्हणून तिचं मराठी लिहिणं-वाचणं सुटू देऊ नका.

प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. ‘मराठी’ हेच खरं उत्तर लिहा. मग बहुधा तिची इंग्रजीची चाचणी होईल आणि ती पार पडली की विषय संपला. खोटं ‘इंग्रजी’ लिहिण्याचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. चाचणीत कमी पडली तर मात्र रोजची एक तासिका इंग्रजीच्या मदतवर्गाला जाऊ शकते आणि त्यासाठी बहुधा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) सोडावा लागतो. म्हणून चाचणीच्या आदल्या रात्री प्रवासाचा शीण नको.

गुणांची पद्धत नीट समजून घ्या. रोजचा गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रयोगवह्या, वर्गातला सहभाग अशा सगळ्यांचे मिळून गुण होतात आणि ते ऑनलाइन दिसतात. न दिलेल्या गृहपाठाचं शून्य सरासरीत धरलं जातं: दहा सारख्या वजनाच्या कामांत नऊ वेळा ९० आणि एकदा शून्य, तर सरासरी ८१. वार्षिक परीक्षेला जोर लावून भरून काढू, ही आपली सवय इथे महागात पडते. त्याहून महाग पडते ती इंटरनेटवरून प्रकल्प उतरवण्याची सवय. आपल्याकडे ते चालून जातं. इथे ती वाङ्मयचोरी ठरते, शून्य मिळतं आणि प्रकरण शिस्तभंगात जाऊ शकतं. विमानात बसण्यापूर्वी तिला हे सांगा.

उपक्रमांत पहिली अडचण तारखांची. शरद ऋतूतल्या खेळांची निवड (मुलींचं टेनिस, सॉकर, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री म्हणजे मैदानी वाटांवरचं लांब पल्ल्याचं धावणं) शाळा उघडण्याआधी ऑगस्टमध्येच सुरू होते. संघात यायला ठरलेल्या फॉर्मवर इथल्या डॉक्टरची शारीरिक तपासणी लागते, म्हणून विमा सुरू होताच वेळ घ्या. तिला कोणता खेळ येत नसेल तर क्रॉस कंट्री बघा: तिथे सहसा कुणाला वगळत नाहीत आणि शाळेच्या पहिल्या दिवशी ओळखीचे चेहरे असतात. मार्चिंग बँडचं शिबिरही ऑगस्टमध्येच असतं. क्लबांची नोंदणी सप्टेंबरात एका दिवशी होते. मुलं वीस याद्यांत नावं लिहून येतात आणि नोव्हेंबरात एकीकडेही जात नाहीत. दोन क्लब आणि एक खेळ किंवा कला, बस. कॉमन अ‍ॅप या कॉलेजांच्या सामाईक प्रवेशअर्जावर दहा उपक्रमांना जागा असली तरी प्रत्येकापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे लिहावे लागतात आणि वर्णनाला फक्त १५० अक्षरं असतात. तिथे चार वर्षं टिकलेली एक गोष्ट उठून दिसते. भरतनाट्यम किंवा तबला शाळेबाहेर चालू असेल तर तोही यात धरतात, म्हणून पुण्याचा क्लास तोडण्याआधी ऑनलाइन चालेल का ते विचारा.

एच-फोरवर (एच-वन-बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असल्याने तिला पगारी काम करता येणार नाही: उन्हाळ्यात दुकानातली नोकरी नाही, पगारी इंटर्नशिपही नाही. ग्रंथालय किंवा फूड बँकेतलं विनामोबदला सेवाकाम चालतं. बारावीनंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही एच-फोरला मिळत नाही, ही खर्चाची बाजू आतापासून धरा.

कागदपत्रं: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सहावी ते आठवीच्या गुणपत्रिका, आणि मराठीत काही असेल तर इंग्रजी भाषांतर. इथे आल्यावर भाडेकरार आणि वीजबिल लागेल. एडिसनमध्ये सरकारी हायस्कूलं दोन आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, आणि कुठलं मिळेल ते पत्त्यावर ठरतं. घर पक्कं करण्याआधी तो पत्ता शाळा विभागाकडून तपासून घ्या, दलालाच्या बोलण्यावर जाऊ नका. लसींत सहसा या राहून जातात: कांजिण्या, गालगुंड आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची एक लस), कारण आपल्या नियमित सरकारी लसीकरणात त्या नाहीत. पुण्यातच घेऊन टाका. क्षयाची चाचणी मागितली तर त्वचेवरच्याऐवजी रक्ताची करा. बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्यांत त्वचेवरची खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेत दिवस जातात.

जुलै-ऑगस्टमध्ये बरेच काउन्सेलर सुट्टीवर असतात, म्हणून जूनमध्येच ईमेल पाठवा: गुणपत्रिका जोडा, गणिताची चाचणी मागा आणि ‘प्रोग्रॅम ऑफ स्टडीज’ ही विषयपुस्तिका मागवा. ऑगस्टअखेर वेळापत्रक हातात आलं की गणिताची पायरी आणि भाषेची पातळी त्याच दिवशी तपासा. विषय बदलण्याची मुदत सुरुवातीचे थोडेच दिवस असते, आणि ती संपल्यावर रिकामी जागा दिसत असली तरी सहसा बदल करून देत नाहीत.