सॅट्सची पहिलीच वेळ असलेल्या पालकांसाठी

मुलाची सॅट्सची तयारी घरी कशी करून घ्यावी, हा आपला प्रश्न वाचला. इंग्लंडमध्ये इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची मे महिन्यात होणारी सॅट्स ही आपल्याकडच्या स्कॉलरशिपसारखी परीक्षा नाही, तिच्यात पास-नापास नसते. माध्यमिक शाळेतील जागा मार्चमध्येच कळलेली असते आणि ग्रामर स्कूलची (निवड करून मुले घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेची) इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा सर्वस्वी वेगळी आहे. या दोहोंची गल्लत करून मुलाला क्लासला जुंपणे ही नव्या पालकांची नेहमीची चूक.

निकाल ८० ते १२० या पट्टीवर येतो आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी, तेव्हा १०३ पाहून ‘शंभरपैकी किती?’ असे विचारू नका. (आजी-आजोबांनाही हे आधीच सांगून ठेवलेले बरे.) लेखनाचा वेगळा पेपर नसतो, ते वर्गशिक्षक वर्षभराच्या कामावरून ठरवतात.

गणितात मात्र एक गोष्ट जपा. मोठा गुणाकार किंवा भागाकार चुकला, तरी शाळेत शिकवलेल्या औपचारिक रीतीने तो मांडलेला असल्यास एक गुण मिळू शकतो. म्हणून आपली रीत शिकवण्यापूर्वी मुलाची वही उघडून शाळेची मांडणी पाहा. वाचनासाठी रोज थोडा वेळ इंग्रजी उतारा वाचून घ्या आणि ‘हे कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारा. जुने पेपर सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. सुरुवातीला एकच पुरे.