ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ (लेंट) ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. मग उपवासकाळ ४० दिवसांचा कसा?

तुमची मोजणी बरोबर आहे. मधले सहा रविवार धरायचे नाहीत, एवढंच. रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. ४० हा आकडा येशूने अरण्यात केलेल्या उपासावरून आला, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा अध्याय ४ वाचा. बुधवारी कपाळाला लावतात ती राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली असते.

उपास कसा करायचा, हे मंडळीनुसार (म्हणजे चर्चनुसार) बदलतं. कॅथलिकांत राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन सक्तीचे उपास, तेही १८ ते ५९ वयाच्या लोकांना: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. प्रॉटेस्टंट घरांत बहुतेक ज्याच्या-त्याच्या मर्जीवर.

आम्ही पुण्याचे, त्यामुळे उपासाला साबुदाण्याची खिचडी आमच्याही घरी होते. (एकादशी दुप्पट खाशी! आजी हसायची.) पण मत्तय ६:१६-१८ मध्ये येशू म्हणतो की उपास करताना चेहरा पाडून फिरू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. मला खिचडीपेक्षा हे जड जातं. ऑफिसात कुणी चहा पुढे केला की ‘आज उपास आहे’ हे तोंडून निघतंच.