पहिल्या पगाराचा दशमांश

तुझा बाप्तिस्मा झाला आणि सातपूरला नोकरीही लागली, याचा मनापासून आनंद आहे. रविवारी शरणपूरला उपासनेनंतर तू विचारलंस, दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला, एकूण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या रकमेवर? खरं सांगू, मी या हिशेबात कित्येक वर्षं अडकलो होतो. आता सांगेन, हातात येतो त्यावर सुरुवात कर, पण पगार झाला की आधी बाजूला काढ. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, हेच सांगितलं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे. महिनाअखेरीस उरेल ते द्यायचं म्हटलं तर काहीच उरत नाही.

मात्र एक चूक करू नकोस. आईच्या औषधाचे पैसे अर्पणाच्या पाकिटात घालू नकोस. मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’, म्हणजे ‘हे देवाला अर्पण केलंय’, असं म्हणून आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूने खडसावलंय. जवळची दोनच नाणी अर्पण करणाऱ्या गरीब विधवेची, तिच्या दोन टोल्यांची गोष्ट सांगून कोणी तुला कर्ज काढून द्यायला लावलं, तर सरळ नाही म्हण. ‘शंभर दे, देव हजार देईल’ असं सांगणाऱ्यापासून तर लांबच राहा. तो सौदा झाला, विश्वास नव्हे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली. मला ते फार मोठं वाटतं, पण ते त्यांचं पाचारण होतं, देवाने त्यांना दिलेली हाक होती. तू नोकरी सांभाळ. गाडीचा हप्ता चुकवू नकोस, आणि मंडळीचा जमाखर्च वाचून दाखवतात त्या सभेला नक्की ये. शंका आली तर तिथेच उठून विचार, मी शेजारी बसेन.